सूत्र, हस्तक आणि 'त्यात नवल काय?' : 'एक जुना वाचक' यांना उत्तर

'एक जुना वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी परवा रात्री वाचली आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. काल दिवसभर ती मनातून जाईना. म्हणून आज लिहायला बसलो आहे, आणि रकान्यात मावणार नाही म्हणून स्वतंत्रच लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा मागचा लेख गुप्तचर संस्था आणि वृत्तपत्रं यांच्या छुप्या संबंधांवर होता, मुख्यतः अमेरिकेच्या सीआयएवर. प्रतिक्रियेत म्हटलं आहे की सीआयएच्या 'मॉकिंगबर्ड' या मोहिमेबद्दल मी चुकीचं लिहिलं, सीआयएशी छुपे संबंध असलेले पत्रकार पन्नास की चारशे हे मला धड ठाऊक नाही, रशियाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं मढं उकरून काही मिळत नाही. मग हे शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: 'बातमीदार गुप्तहेरांशी बोलणारच, त्यात नवल काय, तुम्ही आयुष्यात एकदा तरी बातमी आणली असती तर हे कळलं असतं, व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथे पाजळू नका.'

मतभेदाचं मला वावडं नाही. हा ब्लॉग मी नऊ वर्षं लिहितो आहे, एक जाहिरात लावलेली नाही, एकाही वाचकाची प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण 'पाजळू नका' हे कोणत्या मुद्द्याचं खंडन आहे? मी अडुसष्ट वर्षांचा आहे. टोपणनाव घ्यायचं, दुसऱ्याच्या ओसरीवर चपलांसकट चढायचं आणि घरधन्यालाच 'तुझी लायकी काय' असं विचारायचं, याला चिकित्सा म्हणत नाहीत. आपण माझे खरंच जुने वाचक असाल तर मी अनोळखी माणसाशीही अशा भाषेत बोललेलो नाही हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं.

एक गोष्ट आधीच मान्य करतो, म्हणजे मी हेका धरून बसलो असं कुणाला वाटायला नको. मॉकिंगबर्डबद्दल आपण बरोबर आहात. पत्रकारांना हाताशी धरण्याच्या सगळ्या उद्योगाचं ते अधिकृत नाव होतं असं मी लिहिलं होतं. सीआयएने २००७ मध्ये जी जुनी कागदपत्रं खुली केली, त्यांत 'प्रोजेक्ट मॉकिंगबर्ड' आहे तो १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या दोन स्तंभलेखकांचे फोन चोरून ऐकण्याचा. ते वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं. आभार. लेखाचा डोलारा त्या नावावर उभा नव्हता, हेही नोंदवतो.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

मी आयुष्यात बातमी आणलेली नाही, हे खरं आहे. मी १९८१ साली एका जिल्हा दैनिकात उमेदवार उपसंपादक म्हणून लागलो आणि त्यानंतर बत्तीस वर्षं डेस्कवर काढली. त्यातली निम्मी रात्रपाळीत. टेलिप्रिंटरची भेंडोळी फाडायची, इंग्रजी कॉपी, म्हणजे आलेला मजकूर, मराठीत आणायची, मथळा बसवायचा, डाक आवृत्तीची वेळ गाठायची. बातमीदाराचं नाव बातमीवर येतं, आमचं येत नाही. म्हणून आम्हाला बातमी कळत नाही? बातमीदार दिवसाला दोन बातम्या देतो. माझ्या हाताखालून रात्रीत चाळीस जात. कुठली कॉपी माणसाने लिहिली आहे आणि कुठली कुणीतरी लिहून हातात ठेवली आहे, हे नाकाला कळायला लागतं. दूतावासांच्या माहिती खात्यांची पाकिटं आमच्याकडे टपालाने यायची. गुळगुळीत कागद, छायाचित्रं, तयार मजकूर, फुकट. रविवारचं पान रिकामं असलं की त्यातला एखादा लेख लागायचा. निदान त्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव असायचं. माझा सगळा लेख नाव नसलेल्या पाकिटांबद्दल होता.

बातमीदार गुप्तचर अधिकाऱ्याशी बोलतो. बोलणारच. संरक्षण किंवा परराष्ट्र खातं सांभाळणाऱ्याने बोललंच पाहिजे, नाहीतर त्याने दुसरं खातं मागावं. याला मी लेखात कुठेही कट म्हटलेलं नाही. बातमीदार सूत्राकडून माहिती घेतो आणि ती वाचकाला देतो. हस्तक तसाच माहिती घेतो, पण कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाच्या तरी सोयीने, आणि ते सांगणं वाचकापासून दडवून. फरक ओळखायला सोपा आहे: जे चाललंय ते उद्या स्वतःच्याच पेपरात छापता येईल का?

१९५४ चा जून घ्या. ग्वाटेमालात हाकोबो आर्बेन्झ यांचं निवडून आलेलं सरकार सीआयए उलथवत होती. न्यूयॉर्क टाइम्सचे सिडनी ग्रुसन तो भाग सांभाळत होते. सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी टाइम्सच्या वरिष्ठांकडे शब्द टाकला की हा माणूस तिथे नको. प्रकाशक आर्थर हेज सल्झबर्गर यांनी तो मानला आणि ग्रुसन यांना मेक्सिकोतच थांबवलं. इथे बातमीदार कुणाशी बोलला? कुणाशीच नाही. त्याला खरं कारणही सांगितलं गेलं नाही. संबंध होता तो मालक आणि गुप्तचर प्रमुख यांच्यात, आणि किंमत मोजली ती टाइम्स विकत घेणाऱ्या वाचकाने. 'त्यात नवल काय' हे वाक्य ग्रुसन यांना ऐकवून पाहा.

चिलीतल्या 'एल मर्कुरिओ'चं प्रकरण तर अमेरिकी सिनेटच्या समितीनेच १९७५ मध्ये छापलं. साल्व्हादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष असताना या विरोधी दैनिकासाठी सीआयएमार्फत द्यायला सप्टेंबर १९७१ मध्ये ७ लाख डॉलर मंजूर झाले, एप्रिल १९७२ मध्ये आणखी ९ लाख ६५ हजार. सांतियागोत सकाळी चहाबरोबर पेपर उघडणाऱ्या माणसाला वाटत होतं की आपल्या शहरातला संपादक आपल्याशी बोलतोय. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. हे 'सूत्रांशी बोलणं' होतं का? आपण पत्रकारितेत असाल तर कृपा करून उत्तर द्या.

आणि किम फिल्बी? ब्रिटिश गुप्तहेर खात्यात पूर्वी असलेला हा माणूस १९५६ पासून बेरूतहून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' आणि 'इकॉनॉमिस्ट'साठी लिहीत होता. त्याच वेळी तो पुन्हा ब्रिटिश हेरखात्याचं काम करत होता, आणि खरी निष्ठा मॉस्कोशी होती. जानेवारी १९६३ मध्ये तो बेरूतहून नाहीसा झाला तो थेट सोव्हिएत संघात. सहा वर्षांहून अधिक काळ त्याच्या नावाखाली छापलेली ओळ नक्की कुणाची होती, हे वाचकाने कसं ओळखायचं? हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो. मला वाटत नाही. मी बत्तीस वर्षं त्याच वाचकासाठी रात्री जागलो.

यात काहीच गैर नव्हतं, तर फेब्रुवारी १९७६ मध्ये सीआयएचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज बुश यांनी तातडीने असं का जाहीर केलं की अमेरिकी वृत्तसंस्था, वृत्तपत्रं, रेडिओ, टीव्ही यांचं ओळखपत्र असलेल्या बातमीदारांशी यापुढे पैशाचा वा कराराचा संबंध ठेवणार नाही? जे त्या संस्थेलाच बंद करावंसं वाटलं, ते आपल्याला नेहमीचं वाटतं. आणि हेही लक्षात घ्या की त्या शब्दांत परदेशी पत्रकार नव्हतेच. ते वचन अमेरिकी वाचकाला होतं. आपल्याला नव्हतं.

आपल्याला म्हणजे कुणाला, तेही सांगतो. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांच्या घरी मी 'क्वेस्ट'चे बांधलेले अंक वाचायचो. मुंबईतून निघणारं हे इंग्रजी नियतकालिक १९५५ मध्ये कवी निस्सीम इझिकेल यांच्या संपादनाखाली सुरू झालं. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक निबंध वाचला आहे. बरंचसं इंग्रजी मी तिथे शिकलो आणि वाद कसा घालावा हेही. ते ज्या संस्थेच्या आधाराने निघत होतं, तिची मूळ आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम. तिची भारतातली पहिली परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईतच भरली होती. या संघटनेचा पैसा सीआयएकडून येत होता हे १९६६-६७ मध्ये जगापुढे आलं. मला ते कळलं फार उशिरा, नोकरीला लागल्यावर. त्या रात्री झोप लागली नाही. इझिकेल यांच्याकडे मी बोट दाखवत नाही, ते निबंध आजही मला चांगले वाटतात. पण 'मुक्त विचार' हा शब्द मी ज्या पानांवर शिकलो, त्या पानांचा कागद कुठून येतो हे मला सांगितलेलं नव्हतं. आपण म्हणता, नवल काय. मला नवल वाटलं नाही, मला दुखलं.

रशियाचा मुद्दा. आपल्याला वाटतं मी जाणूनबुजून गप्प बसलो. मी सांगणार नव्हतो, पण आता सांगतो.

दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात जुलै १९८३ मध्ये एक निनावी पत्र छापलं गेलं. लिहिणारा म्हणे एक नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ. एड्सचा रोग अमेरिकेच्या लष्कराने फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला, असा त्यात दावा होता. दोन वर्षं ते पत्र पडून राहिलं. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने तोच दावा उचलला आणि आधार म्हणून भारतातल्या वृत्तपत्राचं नाव दिलं. तिथून ती गोष्ट देशोदेशी गेली. १९९२ मध्ये रशियाच्या परदेश गुप्तचर विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी कबूल केलं की यामागे सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबी होती.

तोच मजकूर १९८७ च्या आसपास आमच्या टेबलावर आला. भाषांतर मी केलं. मथळाही मीच दिला, तीन कॉलमी. कुणी मला पैसे दिले नव्हते, कुणी फोन केला नव्हता. कॉपी नीट होती, आधार भारतीय वृत्तपत्राचा होता, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी गावातले एक डॉक्टर कार्यालयात येऊन माझ्यावर संतापले. माझ्याकडे एड्सच्या भीतीने आधीच कुणी तपासणीला येत नाही, म्हणाले, आता तुम्ही ही कहाणी छापा. मी त्यांच्याशी वाद घातला. पेपरची बाजू घेतली. पाच वर्षांनी प्रिमाकोव्ह यांची कबुली वाचली तेव्हा डॉक्टरांची बदली होऊन गेली होती. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तेव्हा रशियाबद्दल मला शिकवू नका. मिळून दोनशे शब्दांची ती बातमी मी अजून पाठ म्हणून दाखवू शकतो. लेख सीआयएवर होता कारण सिनेटर फ्रँक चर्च यांच्या चौकशी समितीमुळे तिथली कागदपत्रं छापील स्वरूपात समोर आहेत. यात डावं-उजवं शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावं.

पन्नास की चारशे: चर्च समितीच्या १९७६ च्या अहवालात सुमारे पन्नास आहेत. अमेरिकी पत्रकार कार्ल बर्नस्टीन यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकात चारशेहून अधिक म्हटलं, ते आधीच्या पंचवीस वर्षांचे मिळून. दोन्ही आकडे माझ्या लेखात होते. यावर मी आणखी वेळ घालवणार नाही.

राहिलं 'मढं'. वॉल स्ट्रीट जर्नलचे डॅनियल पर्ल मुंबईत राहत होते, दक्षिण आशियाचं काम तिथूनच बघत. जानेवारी २००२ मध्ये कराचीत त्यांना पळवलं गेलं. पळवणाऱ्यांच्या पहिल्या ई-मेलमध्ये आरोप होता की हा सीआयएचा माणूस आहे. तो खोटा होता. पर्ल पत्रकार होते, त्यांची पत्नी गरोदर होती, आणि त्यांना मारण्यात आलं. मारणाऱ्यांना निमित्त हवंच होतं, ते कुठलंही शोधलं असतं, हे मला कळतं. पण 'पत्रकार म्हणजे हेर' हा आरोप कुणालाही खरा वाटावा, याची तजवीज कोणी केली? ज्यांनी वर्षानुवर्षं ओळखपत्राआडून माणसं पाठवली त्यांनी. आजही सीमेवर, एखाद्या नाक्यावर, हातात वही आणि कॅमेरा घेतलेल्या पोराला बंदूकवाला पहिला प्रश्न हाच विचारतो. आमच्या डेस्कवरची दोन मुलं पुढे बातमीदार झाली, त्यातल्या एकाला हा प्रश्न विचारला गेला आहे. तो परत आला. आपण ज्याला मढं म्हणता ते माझ्यासाठी त्या पोराचा रात्री दीड वाजताचा फोन आहे.

लेख मागे घ्यावा असंही आपण सुचवलं आहे. घेणार नाही. मॉकिंगबर्डची दुरुस्ती तारखेसह तळाशी दिसेल. आपली प्रतिक्रियाही आहे तशी ठेवली आहे, 'पाजळू नका' सकट. पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा, मात्र आधी ग्रुसन, एल मर्कुरिओ आणि फिल्बी या तिघांत सूत्र कोण आणि हस्तक कोण तेवढं सांगा. आणि शक्य झालं तर खऱ्या नावाने.