म्हणे सोमवारी बंद!

'बंद आहे.' बस्स, दोन शब्द. तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल एवढं लिहायला हात झिजतात का या वेबसाइटवाल्यांचे?

सांगलीहून भाऊ-वहिनी येतायत, गुरुवारी ठाण्यात लग्न आहे, मंगळवारी रात्री उतरणार म्हणजे मधला बुधवार मोकळा, आणि भाचीने फोनवर आधीच ऑर्डर सोडून ठेवलीय की आत्या मला मोठ्ठे मासे बघायचेत, काचेतले, डोक्यावरून जाणारे. आता सहा वर्षांच्या पोरीने काय चंद्र मागितला का? तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं एवढं अवाढव्य शहर, मासे दाखवायला कितीसं अवघड असणार, असं वाटतं ना? बसा मग सर्च करत.

'मुलांना घेऊन मुंबईत कुठे जाल' छापाचं कुठलंही पान उघडा, पहिल्या चार-पाचात तारापोरवाला मत्स्यालय असतंच असतं. निळेशार फोटो, मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनवरून चालत, तिकीट इतकं इतकं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, आणि खाली ठळक अक्षरात 'सोमवारी बंद'. अरे सोमवारी बंद काय! मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा जे बंद झालं ते परत उघडलंच नाही, इमारत जुनी झालीय, तेव्हापासून तिथे आठवड्याचे सातही दिवस सोमवारच आहे. आणि हे लोक टिपा काय देतायत तर 'वीकेंडला गर्दी असते, शक्यतो सकाळी लवकर जा'. कुठली गर्दी? कोणाची??

म्हणजे झालंय काय, २०१५ ला नूतनीकरण करून ते नव्याने उघडलं, बारा फुटी ॲक्रिलिकचा बोगदा वगैरे केला, तेव्हा कोणीतरी लिहिलं, ते दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, आणि आता प्रत्येकजण दरवर्षी वर 'अपडेटेड' असा शिक्का मारतो. अपडेट काय केलं तर साल. एआयला विचारलं तर तो बाबा यांच्याहून छातीठोक, मला पूर्ण टाइमटेबल बनवून दिलं, दहा ते बारा मत्स्यालय, मग गिरगाव चौपाटीवर भेळ, आणि शेवटी हसरा चेहरा. एका पानावर फोन नंबर होता तो लावला, तर नंबर अस्तित्वातच नाही. शेवटी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं ते कोविडपासून बंदच आहे ना, मी तिथूनच तर जाते." ती बोलली म्हणून. नाहीतर मी मे महिन्याच्या उन्हात डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून, घामाघूम पोरीला कडेवर घेऊन बंद गेटसमोर उभी राहिले असते, आणि त्या वेबसाइटवाल्याला तेवढ्यात माझ्या क्लिकचे चार पैसे मिळून गेले असते.

आणि चिडचिड जास्त का होते सांगू, ती जागा साधी नव्हती हो. १९५१ सालची. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. गावाकडून पाहुणे आले की राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला, गेटवे, हे ठरलेलं. आत गेलं की थोडा अंधार, ओलसर वास, आणि काचेला नाक लावून उभी असलेली पोरं, मागून कोणाचीतरी आई ओरडतेय की हात लावू नको. बास, एवढंच तर पाहिजे होतं मला.

मग पर्याय सुचवणारे आले. 'मॉलमध्ये अंडरवॉटर टनेल लागलाय ना, तिथे जा'. गेलेय मी मागच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन, नाव नाही घेत कुठला ते. दोनशेच्या घरात तिकीट. बोगद्यात जॉइंटमधून पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली रंगाची रिकामी बादली ठेवलेली. सेक्युरिटीवाला सतत 'पुढे चला पुढे चला', पुढचे लोक सेल्फीसाठी अडलेले, मागून ढकलाढकली. आणि बोर्डावर भलंमोठं 'शार्क'! जवळ जाऊन बघते तर पंगास. तो मिशीवाला, मांगुराच्या कुळातला, ॲक्वेरियमच्या दुकानात इरिडिसेंट शार्क म्हणून खपवतात तो. हॉटेलात बासा म्हणून फ्राय करून देतात तोच हो! आमच्या घरात दर महिन्याला मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण होतं, माझ्या पोराने बाजारात अख्खी मोरी बघितलीय, तो तिथेच जोरात म्हणाला, "आई, हा शार्क नाहीये." आजूबाजूचे हसले. तिकीटवाला नाही हसला.

दुबईच्या दिरांनी तर कहरच केला. फॅमिली ग्रुपवर दुबई मॉलच्या टँकचा व्हिडिओ, एक कोटी लिटर पाणी आहे म्हणे, आणि समोरची भलीमोठी काच मॉलमध्ये उभं राहून फुकट बघता येते. खाली मेसेज, 'इकडेच या ना सगळे'. हो का भावोजी, बुधवारी सकाळी येते, संध्याकाळी परत जाते, गुरुवारी लग्नाला उभी राहायचंय. अजून एक शहाणे, 'मासेच बघायचेत ना, भाऊच्या धक्क्यावर जा पहाटे'. हसून झालं असेल तर सांगा.

एकाने रत्नागिरीचं सांगितलं, ते खरंच चांगलं आहे, झाडगावला मत्स्य संशोधन केंद्राचं, छोटं आहे पण व्हेलचा अख्खा सांगाडा ठेवलाय, आम्ही कोकणात जाताना बघितलंय. पण ते रत्नागिरीला आहे!! एका दिवसात डोंबिवलीहून जाऊन येऊ का?

म्हटलं जाऊ दे, राणीची बाग करू. मासे नाही तर पेंग्विन. २०१६ ला सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन आहेत, काचेपलीकडे पाण्यात सूर मारताना मस्त दिसतात, आत एसी आहे, तिकीटही परवडतं. वहिनीला मेसेज टाकला, प्लॅन पक्का. भाचीला पण पटवलं, पेंग्विन मासे खातात एवढ्यावर ती तयार झाली. आणि मग रात्री सहज साप्ताहिक सुट्टी बघितली.

बुधवार.

आणि ही माहिती मात्र शंभर टक्के बरोबर निघाली, दोन ठिकाणी विचारून खात्री केलीय.