525 पटींची दुर्बीण आणि पाच कलांचं आकाश

ताईने तो फॉरवर्ड मला पाठवला, तोही दुर्बीण घेऊन झाल्यावर. 'मुलांसाठी टेलिस्कोप घेताना फसू नका' असं भारदस्त शीर्षक, खाली चार मुद्दे आणि रॉकेटची रांग. रात्री भाच्याचा फोन: "मामा, दुर्बीण बिघडलीय. चंद्राच्या जागी नुसता करडा धूर हलतोय." दुर्बिणीला काही झालेलं नव्हतं. पोराने फॉरवर्डमधली सूचना तंतोतंत पाळली होती.

ती सूचना म्हणजे पहिला मुद्दा: '525 पटवाली घ्या, आकाश 525 पट जास्त दिसेल.' हे वाचून डोकंच फिरलं. आकाश जास्त नाही, कमी दिसतं! हिशोब पाचवीच्या पोराला जमेल असा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, नाभीय अंतर, झालं विशालन, म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. नेत्रिकेच्या दर्शनी क्षेत्राला (डोळा लावल्यावर दिसणारं वर्तुळ किती अंश रुंद भासतं ते) त्या विशालनाने भागा, की आकाशाचा किती तुकडा दिसणार ते कळतं. भाच्याची दुर्बीण 76 मिमी आरशाची, 700 मिमी नाभीय अंतराची. 20 मिमीची नेत्रिका लावली तर 35 पट. 4 मिमीची लावून मध्ये तीनपट बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, खुपसला की 525. डब्यावरचा आकडा येतो तो असा. दर्शनी क्षेत्र 45 अंश धरलं तर 45 भागिले 525, म्हणजे जेमतेम पाच कला (अंशाचा साठावा भाग ती एक कला). पूर्ण चंद्र तीस कलांचा. म्हणजे चंद्राच्या रुंदीचा सहावा हिस्सा, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तोही वीसेक सेकंदांत नजरेबाहेर. पोरगं स्टँडचा स्क्रू आवळेपर्यंत खेळ खलास. 35 पटींच्या तुलनेत हा तुकडा 15 पट अरुंद, क्षेत्रफळात 225 पट लहान. चंद्र अंधारतोही तितकाच. शिवाय 76 मिमीच्या आरशाला दीडशे पटींच्या पुढे नवीन बारकावा दाखवताच येत नाही. दिसतो तो फुगवलेला धूर.

गॅलिलिओने 1610च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले ते साधारण 20 पटींच्या दुर्बिणीतून. क्षेत्र इतकं चिंचोळं, की आपला अख्खा चंद्र एका वेळी मावत नसे. भाच्याच्या साध्या 20 मिमीच्या नेत्रिकेत दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवूनही जागा उरते.

दुसरा मुद्दा, 'आरसा जितका मोठा तितकं आकाश रुंद.' नाही. मोठ्या आरशात उजेड जास्त येतो, नेत्रिका तीच असेल तर रुंदी नाभीय अंतरावर ठरते. 1200 मिमी नाभीय अंतराच्या 200 मिमी दुर्बिणीला तीच 20 मिमीची नेत्रिका लावा, क्षेत्र उलट कमी भरेल.

तिसरा, '50 अंश लिहिलेली नेत्रिका आकाशाचे 50 अंश दाखवते.' हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंशांची. पाच मुठी आकाश एका नळीत? ते 50 अंश दर्शनी क्षेत्राचे, पटींनी भागायच्या आधीचे. पुढे जाऊ.

चौथा, 'ग्रहांना जास्त पट लागते.' बरं बाबा, हे निम्मं खरं. गुरूची चकती तो जवळ असतानाही रुंदीत चंद्राच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी, तिथे लहान क्षेत्र चालतं. पण शंभरेक पट पुरे, 525 नको.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका. मृगाच्या पोटातल्या बाणाचा सगळ्यात आधी उगवणारा तारा, मिंटाका, जवळपास खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) आहे. परवा गच्चीवर तो 20 मिमीच्या नेत्रिकेत एका कडेला धरला, दुर्बिणीला हात लावायचा नाही असं बजावलं आणि भाच्याला मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं. तारा मधून सरकत दुसऱ्या कडेला गेला तेव्हा झाले होते 320 सेकंद. त्या रेषेवरचा तारा चार सेकंदांत एक कला सरकतो, म्हणून भागिले चार, 80 कला, म्हणजे सव्वा अंशाहून थोडं जास्त. उलटा हिशोब केला तर नेत्रिकेचं दर्शनी क्षेत्र 47 अंशांच्या आसपास निघतं; डब्यावर 50 छापलंय. तिथेही तीन अंश खाल्लेच!

मग नळी कृत्तिकांकडे वळवली. ठळक तारे सगळे मावले, कडेला थोडीच जागा राहिली. खालून ताईचा आवाज, "525 लावलंय ना रे?" भाचा म्हणाला, "35." बार्लो तेव्हा माझ्या खिशात होता.