गिअरबॉक्स नावाचे खाते

विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संघात गिअरबॉक्सचे खाते अशा माणसाकडे जाते, ज्याला बैठकीत वेळेवर नाही म्हणता येत नाही. आमच्या संघात ते माझ्याकडे आले.

मोटर आहे, चाक आहे, मग मध्ये ही पेटी कशाला, असे सर्वांनाच वाटते. मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या मोटरला १५ सेंटिमीटर व्यासाचे चाक थेट जोडले, तर कागदावर रोबोचा वेग ताशी १४० किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही, कारण एवढे धूड ढकलण्याइतका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोटरपाशी नसतो. ती नुसती गुणगुणते, तापते आणि जळका वास सोडते. १० ला १ असे गुणोत्तर घेतले, म्हणजे मोटरच्या दहा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा ठेवला, की वेग सेकंदाला चार मीटरच्या आत येतो आणि घर्षणातली तूट सोडल्यास टॉर्क दहापट होतो. इथपर्यंत कोणाचे दुमत नसते. भांडण लागते ते आठ, दहा की बारा यावर. चालकाला वेग हवा असतो, डावपेच आखणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याला रेटण्याची ताकद हवी असते, आणि दोन्ही एकदम मिळत नाही हा माझा आडमुठेपणा ठरतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी केलेला नाही, अशी नोंद मला इतिवृत्तात करून घ्यावी लागली.

गिअरबॉक्स आपणच बनवावा, असे स्वाभिमानी मंडळींचे मत पडले. हिशेब सोपा होता: १ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप) २० आणि ६० दात्यांचे गिअर घेतले, तर दोन शाफ्टमधले अंतर दात्यांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे ४० मिलिमीटर. संगणकावर ते ४० असते. ड्रिल मशीनवरच्या उत्साही हातांतून ते साडेएकोणचाळीस किंवा साडेचाळीस होऊन बाहेर पडते. पहिल्या प्रकारात दाते एकमेकांत रुतून बसतात, दुसऱ्यात मोकळीक इतकी वाढते की मोटर फिरू लागली तरी चाक क्षणभर विचार करते. त्यातच जुन्या सामानातून काढलेल्या गिअरांपैकी एकाचा दाबकोन, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल, १४.५ अंशांचा निघाला आणि दुसऱ्याचा २० अंशांचा. दिसायला सख्खे भाऊ, पण एकत्र आणले की वाटणीचा दावा सुरू.

मग विकत घेण्याचा ठराव झाला. वर्म गिअरबॉक्स, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने गिअर फिरवणारा, रोबोच्या सामान उचलणाऱ्या हातासाठी चांगला, कारण वीज गेली तरी हात सहसा खाली कोसळत नाही. मात्र बरीच शक्ती तो घासण्यातच खर्च करतो. चाकांसाठी प्लॅनेटरी, म्हणजे ग्रहमालेसारखा गिअरबॉक्स, ठरला. मधल्या सूर्य-गिअरभोवती ग्रह फिरतात, सारे मोटरच्याच रेषेत बसते आणि किंमतही खगोलीय असते. याच्याशिवाय चालणार नाही का, असे खजिनदाराने विचारले. कागदावर चालेल, ताशी १४० किलोमीटरने, असे मी नम्रपणे सांगितले.

अखेर बहुमताने ८ ला १ हे गुणोत्तर मंजूर झाले. (गुणोत्तर मतदानाने ठरवू नये, हे माझे मत अल्पमतात गेले.) सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने पहिल्याच सरावात रोबो भिंतीला भेटून आला, तेव्हा वेगाचा आग्रह धरणाऱ्या चालकानेच तो कमी करण्याची विनंती केली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एका ओळीत तो निम्मा केला. पण प्रोग्रॅममधून वेग उतरवला म्हणून टॉर्क चढत नाही, तो दात्यांतूनच यावा लागतो. परिणामी आमचा रोबो सामन्यांमध्ये अत्यंत संथपणे, पूर्ण नियंत्रणात, मागे मागे रेटला जाऊ लागला, आणि डावपेचवाल्यांनी गिअरबॉक्स खात्याकडे लेखी खुलासा मागितला.