रिलेचा काटा कसा काढावा

मोटार बंद पडली की आपण शिव्या कुणाला देतो? स्टार्टरच्या पेटीत कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याच्या, पोटाखाली बसलेल्या त्या मुठीएवढ्या काळ्या ठोकळ्याला. ओव्हरलोड रिले म्हणतात त्याला; मोटारीनं जास्त करंट ओढला की तो तिची वीज तोडायला लावतो. शिव्या रास्तच आहेत. हंगाम जोरात आहे, काहिलीत रस उकळतोय, चरकात उसाची मोळी जरा जाडच गेली, की हा पठ्ठ्या 'टिक्' करतो आणि अख्खं गुऱ्हाळ थांबतं. स्वतः थेंबभर रस काढत नाही, वर काढणाऱ्याला आडवा येतो. असल्या माणसाचा आपण गावात काय करतो? तेच रिलेचं करायचं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी भरतो. म्हणजे जळालेली तार उपसून नवी तांब्याची तार घालतो. तेव्हा माझा सल्ला तज्ज्ञाचा समजा, आणि त्यात माझा काही स्वार्थ असेल अशी शंकासुद्धा मनात आणू नका.

पहिली गोष्ट, रीसेटच्या बटणात काडी खुपसायचा जुना उपाय सोडा. चांगल्या रिलेचं बटण दाबून धरलं तरी तो आतून सुटतोच, इतका हट्टी. त्यापेक्षा रिलेवर ९५ आणि ९६ असे आकडे लिहिलेले दोन स्क्रू असतात, रिले सुटला की त्यांच्यातलाच जोड तुटून मोटार थांबते; त्यांच्यामध्ये वायरीचा एक तुकडा टाका. याला 'डायरेक्ट करणे' म्हणतात. रिले जागच्या जागी दिसतो, पाहुण्याला पेटी उघडून दाखवता येते. आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, पण ऐकतंय कोण! वरिष्ठांना अर्ज करत राहणाऱ्या कारकुनासारखी ती वाकते आणि गार झाल्यावर गुमान सरळ होते.

वायर टाकायला जीव धजत नसेल तर रिले किती करंटला सुटायचा ते ठरवणारी चकती फिरवा. साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या पाटीवर ११ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं. पाटी वाचू नका, वाचली की माणूस घाबरतो. त्यातून स्टार्टर स्टार-डेल्टा (मोटार आधी कमी जोरानं सुरू करून मग पूर्ण जोर देणारा) असेल तर रिले बहुतेक वेळा अशा जागी जोडलेला असतो, की त्यातून मोटारीच्या पूर्ण करंटचा ०.५८ इतकाच भाग जातो, म्हणजे सेटिंग सहा-साडेसहावर पाहिजे. हा हिशेब वायरमनला विचारत बसायचा नाही. ११ वर काटा ठेवा. रिले आयुष्यात पुन्हा बोलणार नाही.

आता रात्रीची लाईट. बाराला येते, तेव्हा कोण उठून नदीवर जाणार? पेटीत ऑटो स्विच टाकून घोरत पडायचं. लाईट आली, मोटार आपोआप सुरू, ऊस पाणी पितोय. एखाद्या रात्री तीनातला एक फेज येत नाही, एवढंच. मग उरलेल्या दोघांवर सगळं ओझं पडतं आणि त्यांचा करंट पावणेदोनपटीच्या घरात जातो. रिले जागेवर असता तर थोड्या वेळात तोडलं असतं, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) असता तर त्याच्याही आधी. दोन्ही नाहीत म्हणून तर पहाटे तारेवरच्या जळक्या वार्निशचा तो वास येतो. मला तो वास लांबून ओळखता येतो. खरं सांगायचं तर आवडतोही.

मिरची कांडपवाल्यांनी मात्र वायर टाकू नये. त्यांनी रिलेवरचा निळा खटका 'ऑटो'वर न्यावा. चटणीच्या सीझनला मशिन चोंदतं, रिले सुटतो, कामगार हात घालून आत काय अडकलंय ते चाचपतो. तेवढ्यात पट्टी गार होते. स्टार्टर बटणाऐवजी साध्या चालू-बंद खटक्यावर असेल, तर कुणाला न विचारता मशिन पुन्हा सुरू. मेन स्विच पाडून मग हात घालणं हे भित्र्यांचं काम. (इथं मीही थोडा थांबलो. बोटं मला भरून देता येत नाहीत.)

कॉन्टॅक्टरचे वीज जोडणारे ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट, काळे पडले की कानस मारा. त्यावर चांदीच्या मिश्रणाचा थर असतो म्हणे. तो निघून गेला की खालचं तांबं छान चमकतं आणि एके दिवशी चिकटून बसतं. मग लाल बटण कितीही दाबा, मोटार आपली चालूच. पेटीचं झाकणही उघडंच ठेवा, पालींना ऊब मिळते. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत पतंग अडकला, तर त्या लोकांनी तो चिकटपट्टीनं वहीत डकवून ठेवला. आपण पाल झटकतो आणि पुढं चालतो.

सोलरवाल्या हौशी पोरांसाठी एकच सांगतो. छोट्या रिलेवर '१० अँपिअर' छापलंय ना, तिथंच वाचन थांबवा. पुढं २५० व्होल्ट एसी आणि फक्त ३० व्होल्ट डीसी असं काहीबाही असतं. एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीला शून्य माहीतच नाही. पॅनेलच्या तीन-चारशे व्होल्टवर तो रिले उघडून बघा. दिवाळीची वाट बघावी लागणार नाही.

२०१९ च्या पुरानंतर माझ्या दारात पंचगंगेच्या गाळानं भरलेल्या स्टार्टरांची रांग लागली होती. आतले रिले बदला म्हटलं, तर एक पाव्हणं म्हणाले, "कशाला? उन्हात वाळवलाय की दोन दिस. वाजवून बघा, खडखडतोय अजून."

परवा तेच पाव्हणं टेम्पोतनं मोटार घेऊन आले. वर्षातली तिसरी. मी तार भरली, वार्निश दिलं, भट्टीत वाळवली, आणि जुना ओळखीचा माणूस म्हणून स्टार्टरमध्ये नवा रिले घालून पाटीप्रमाणे सेटिंगही करून ठेवलं. त्यांनी बिल नीट वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्यो काळा ठोकळा काढून घेतला, तर किती कमी करशीला?"