रताळ्याचं बियाणं, अर्धे पैसे आणि शाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

फार्मव्हिल या शेतीच्या ऑनलाइन खेळात बियाणं विकून आलेल्या पैशांतले अर्धे हैती या कॅरिबियन देशाच्या मदतीला कसे गेले आणि तिथे शाळा कशी उभी राहिली, यावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अर्धे पैसे कंपनीनेच ठेवले तर त्याला देणगी का म्हणायचं? लोकांना खेळाच्या नादी लावून शाळा उभारायची ही कुठली रीत? वर ‘हे रमीच्या जाहिरातींसारखंच’ हा शेरा, आणि शेवटी टोमणा : ‘उद्या झेडपीच्या शाळेसाठीही गेम खेळायला सांगाल.’

रमीचं आधी उरकतो. तिथे माणूस पैसे लावतो ते जास्त मिळावेत म्हणून. २०२५च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आणली ती असल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर. फार्मव्हिलमध्ये खरे पैसे मोजून रताळ्याचं बियाणं घेतलं की पडद्यावर रताळी उगवायची. संपलं. एक छदाम परत येत नव्हता.

आता अर्ध्याचं. २००९मध्ये फार्मव्हिल चालवणाऱ्या झिंगा कंपनीने हे बियाणं विकलं आणि त्यातला निम्मा वाटा हैतीतल्या दोन संस्थांना दिला : मिरबाले गावातली फातेम आणि छोटी कर्जं देणारी फॉनकोझे. रक्कम चार लाख डॉलरच्या वर गेली. तुम्ही शाळेच्या मदतीसाठी नाटकाचे प्रयोग नक्की लावले असतील. तिकिटावर ‘इमारत निधीसाठी’ छापलेलं असतं, पण नटांची नाईट, थिएटरचं भाडं, टेम्पो वजा जाता जे उरतं तेच शाळेला मिळतं. तिथे कुणी ‘अर्धे कुठे गेले’ म्हणत नाही.

अर्थात, नाटकाचा सेट खरा असतो, बियाणं नुसतं चित्र. दहा विकली काय नि दहा लाख विकली काय, कंपनीचा खर्च जवळपास तोच. म्हणून निम्मा वाटा ठेवणं मलाही खटकतंच. हैतीतल्या १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर त्याच कंपनीने खास वस्तूंची सगळी विक्री मदतीला दिली आणि पाच दिवसांत सुमारे १५ लाख डॉलर जमले. म्हणजे सगळं देणं जमत होतं! माझी अट एवढीच, की किती टक्के कुठे जाणार हे ‘विकत घ्या’च्या बटणाशेजारीच लिहा, नंतरच्या खुलाशात नको.

नादाबद्दल तुमच्याशी भांडत नाही. त्या खेळात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाही तर सुकून जायची. लोक त्यासाठी गजर लावून उठत. ही ओढ मुद्दाम घडवलेली होती, शाळेसाठी नव्हे, धंद्यासाठी. फक्त, ते लोक तसेही खेळतच होते. त्यांच्या खर्चातला थोडा हिस्सा मिरबालेकडे वळला, याचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट मात्र मला जास्त छळते. २०११मध्ये मिरबालेत ‘एकोल द शुआ’ ही शाळा सुरू झाली. झिंगाची सेवाभावी शाखा आणि तिच्याशी जोडलेल्या, अमेरिकेतल्या डीपॉल विद्यापीठातल्या प्राध्यापक लॉरा हार्टमन यांच्या पुढाकारातून. अगदी गरीब घरातली मुलं, शिक्षण क्रिओल (हैतीची लोकभाषा), फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. खेळाचा पैसा येतो तो लाटेसारखा, चार दिवस धो धो आणि मग शुकशुकाट. शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला. मूळ फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२०ला बंद झालं. शाळेला त्याच्या किती तरी आधीपासून दुसरे देणगीदार शोधणं भाग होतं. आणि २०२५च्या मार्चअखेरीस सशस्त्र टोळ्यांनी मिरबालेवर हल्ला करून तुरुंग फोडला, लोकांना घरंदारं सोडून पळावं लागलं. तिथे कुठला देणगीदार पुरा पडणार?

तेव्हा तुमच्या टोमण्याचं सरळ उत्तर : हो, झेडपीच्या शाळेसाठीही सांगेन. पत्रे बदलायचेत, मुलींचं स्वच्छतागृह बांधायचंय, कंपाउंड घालायचंय, अशा एकदाच्या खर्चाला गावातली पोरं रात्रभर गेम खेळून लाइव्ह दाखवोत आणि मुंबई-पुण्यातल्या गाववाल्यांकडून पैसे गोळा करोत. लोकवर्गणीच ती. हिशेब शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, फळ्यावर लिहा. शिक्षकांची रिकामी पदं मात्र त्यातून भरायची नाहीत. त्यासाठी जिल्हा परिषदेतच भांडायचं, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.