साखर नॉर्मल आहे, तरी तहान भागत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'सारखी तहान आणि लघवी म्हणजे शुगर. शुगर नॉर्मल आली तर नुसती सवय. पाणी निम्म्यावर आणा, कारल्याचा रस घ्या. गोळ्यांच्या नादी लागू नका, किडनी जाते.' हा सल्ला भलत्याच माणसाने पाळला तर जिवावर बेतेल, म्हणून लिहितोय.

साखर नॉर्मल असूनही असं होतं. आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस, मधुमेहाशी संबंध नाही. मेंदूत तयार होणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन किडनीला पाणी परत शोषायला लावतं. ते कमी पडलं की मोठ्या माणसाला दिवसाला 3 लिटरच्या वर, कधी 10-15 लिटरही, पाण्यासारखी लघवी होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीजवळची गाठ, तिथलं ऑपरेशन, डोक्याला मार ही नेहमीची कारणं. हेल्मेटशिवाय गाडीवरून पडलेल्या कुणाला नंतर अशी तहान लागू लागली, तर उन्हाळ्यावर ढकलू नका.

सगळ्यात घातक सल्ला पाणी तोडण्याचा. माझ्या भाच्याला ऑपरेशननंतर हा आजार झाला. औषध सुरू होईपर्यंत उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत पुरत नसे, आणि स्वारगेटहून एसटीत बसायचं तर त्याच्या पोटात गोळा यायचा. टाकी भरायची थांबवली म्हणून गळती थांबत नाही. पाणी तोडलं तरी लघवी चालूच राहते, रक्तातलं सोडियम चढतं, मग गुंगी, झटके. सवयीने जास्त पाणी पिणारेही असतात, त्यांना कमी प्यायला सांगतात, हे खरं. पण कोण कुठला, हे ठरवणारी पाणी बंद ठेवण्याची चाचणी हॉस्पिटलात करतात, दर थोड्या वेळाने वजन, लघवी आणि सोडियम बघत.

कारल्याच्या रसाने हे हार्मोन वाढत नाही.

राहिली गोळी. डेस्मोप्रेसिन हे औषध कमी पडलेल्या व्हॅसोप्रेसिनचं काम करतं, किडनी खराब करत नाही. धोका उलटा आहे: डोस जास्त झाला आणि पाणीही भरपूर प्यायलं तर सोडियम उतरतं. म्हणून डोस डॉक्टरच ठरवतात. दुसऱ्या प्रकारात हार्मोन असतं, किडनीच दाद देत नाही. वर्षानुवर्षं लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्यांत हे दिसतं. तिथे ही गोळी फारशी चालत नाही, उपचार वेगळे असतात.

शंका असेल तर 24 तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजा, तहानेपुरतं पाणी पीत राहा आणि तो आकडा घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, जा.