कामट्या बांधा, चिकटवू नका

घरगुती आकाशकंदिलाच्या लेखात ‘सांगाड्याचे सगळे जोड हॉट ग्लूने पक्के करा’ असं म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. गुळगुळीत बांबूवरून तो गोंद सुटतो. दोन वर्षांपूर्वी मी तसंच केलं आणि भाऊबीजेच्या आदल्या रात्री वाऱ्याने अख्खी एक बाजू निखळली.

आमचे बाबा साध्या दोऱ्याने बांधायचे. एकसारख्या 24 कामट्या, त्यांचे सहा चौकोन. मग चौकोनाचं टोक शेजारच्या चौकोनाच्या टोकाला बांधत गेलं, की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. प्रत्येक गाठीला दोऱ्याचे चार-पाच वेढे, शेवटचा वेढा आडवा, आणि वरून बोटाने खळ चोपडायची. वाळली की गाठ दगडासारखी होते. खळ म्हणजे दोन चमचे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, बस्स! पतंगाचा कागदही तिनेच चिकटवा, सुरकुत्या पडत नाहीत. वरचा चौकोन मात्र बल्बसाठी उघडा ठेवा. आणि कृपा करून करंज्या, म्हणजे कंदिलावर चिकटवायच्या करंजीच्या आकाराच्या कागदी घड्या, विसरू नका, लेखातल्या फोटोत त्या नाहीतच. करंज्या आणि झिरमिळ्यांशिवाय कंदील फार उघडाबोडका दिसतो हो!